मुलाचा एमटीएचएफआर रिपोर्ट, ॲक्टिव्ह फोलेट आणि आठवड्याची मेथोट्रेक्सेट: एका वडिलांच्या प्रश्नाला उत्तर

ऐरोलीच्या एका वडिलांचा प्रश्न आहे. त्यांच्या सात वर्षांच्या मुलाला एएलएल, म्हणजे लहान मुलांत सर्वांत जास्त आढळणारा रक्ताचा कर्करोग, झाला. जोराची केमो संपली आणि आता मेंटेनन्स, म्हणजे आजार परतू नये म्हणून चालणारा लांब पल्ल्याचा उपचार, चालू आहे: रोज रात्री मर्कॅप्टोप्युरिन, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट. नात्यातल्या कुणी सुचवलं म्हणून त्यांनी एका खासगी लॅबमध्ये मुलाची ‘एमटीएचएफआर’ या एन्झाइमची (एन्झाइम म्हणजे पेशीतली रासायनिक कामं घडवणारं प्रथिन) जनुकीय चाचणी केली. रिपोर्टमध्ये ‘६७७ या जागी एका प्रतीत बदल, एन्झाइमची क्षमता कमी’ असं लाल अक्षरांत आलं आणि खाली ‘ॲक्टिव्ह फोलेट’, म्हणजे फोलेट या जीवनसत्त्वाचं तयार रूप, सुरू करण्याचा सल्ला. त्यातच सीबीसीमध्ये (रक्तपेशींच्या तपासणीत) एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा सरासरी आकार, वाढलेला दिसतोय. त्यांना विचारायचंय की या एन्झाइममुळे मुलाला कर्करोग झाला का, मेथोट्रेक्सेटचा डोस बदलावा लागेल का, फॉलिक ॲसिड किंवा ॲक्टिव्ह फोलेट द्यावं का, रेशनचा फोर्टिफाइड, म्हणजे जीवनसत्त्वं घातलेला, तांदूळ चालतो का, आणि फोलेटच्या एन्झाइम्सवर कर्करोगाचं एवढं संशोधन कशासाठी चालतं.

आधी तातडीचं सांगते. ॲक्टिव्ह फोलेट आणलं असेल तर देऊ नका. दिलं असेल तर कधीपासून, किती, ते लिहून ठेवा आणि सकाळी तुमच्या ओपीडीत फोन करून कळवा. या रिपोर्टवरून मेथोट्रेक्सेटचा डोस वाढवायचा नाही, कमी करायचा नाही आणि चुकवायचा तर मुळीच नाही. मी नवी मुंबईत बरीच वर्षं लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर उपचार करते आहे. असे रिपोर्ट घेऊन येणारे आईवडील अलीकडे खूप वाढलेत. नुसतं ‘देऊ नका’ म्हणून सोडलं तर आठवड्याभरात दुसरं कुणीतरी ‘द्या’ म्हणेल, म्हणून कारणं सविस्तर लिहिते.

फोलेट हे बी गटातलं जीवनसत्त्व; फॉलिक ॲसिड हे त्याचं गोळ्यांतलं रूप. पेशीला दोन व्हायचं असेल तर आधी डीएनएची दुसरी प्रत काढावी लागते आणि त्या प्रतीसाठी ए, टी, जी, सी ही चार अक्षरं ढिगानं लागतात. त्यातलं ‘टी’ तयार करताना ऐनवेळी एक कार्बन अणू जोडावा लागतो आणि तो फोलेट आणून देतं. दूधवाल्याच्या किटल्यांसारखं हे चालतं: भरलेली किटली येते, दूध ओतून देते, रिकामी किटली परत जाऊन पुन्हा भरून येते. ‘टी’ बनवणाऱ्या एन्झाइमचं नाव थायमिडिलेट सिंथेज. या कामात फोलेट नुसतं रिकामं होत नाही, त्याचं रूपही बदलतं. ते डायहायड्रोफोलेट होतं आणि त्या रूपात नवा कार्बन उचलू शकत नाही. त्याला पुन्हा कामाच्या रूपात आणणारं एन्झाइम म्हणजे डायहायड्रोफोलेट रिडक्टेज, डीएचएफआर. माणसातलं हे एन्झाइम १८७ अमिनो आम्लांचं, म्हणजे प्रथिनांच्या जगात लहानखुरंच. पण ते थांबलं की काही तासांत पेशीतलं कामाचं फोलेट आटतं, ‘टी’ संपतं, आणि जी पेशी त्या वेळी डीएनएची प्रत काढत असेल ती अर्ध्यावर अडकून मरते. जी पेशी विभागतच नाही तिला याचा फारसा फरक पडत नाही. ल्युकेमियाच्या, म्हणजे या रक्ताच्या कर्करोगाच्या, पेशी मरतात आणि मुलाचा मेंदू, हृदय, स्नायू बहुतांशी शाबूत राहतात, ते या फरकामुळे. तोंड येतं, काउंट (रक्तपेशींची संख्या) उतरतात, तेही याच फरकामुळे, कारण तोंडाचं अस्तर आणि अस्थिमज्जा सतत विभागत असतात.

मेथोट्रेक्सेट नेमकं या डीएचएफआरवर जाऊन बसतं. फॉलिक ॲसिड आणि मेथोट्रेक्सेट यांची रचना शेजारी शेजारी काढली तर फरक फक्त दोन जागी दिसतो: एका ठिकाणी ऑक्सिजनऐवजी अमिनो गट, दुसऱ्या ठिकाणी एक जादा मिथाइल. फॉलिक ॲसिडचा रेणूभार ४४१, मेथोट्रेक्सेटचा ४५४. एवढ्याशा फरकानं काय होतं पाहा. १९७७ मध्ये या एन्झाइमची मेथोट्रेक्सेटसह स्फटिकरचना प्रसिद्ध झाली आणि पुढच्या अभ्यासांतून स्पष्ट झालं की मेथोट्रेक्सेटच्या रेणूतलं दुहेरी कडं एन्झाइमच्या त्याच खाचेत, पण फोलेटच्या तुलनेत उलटं फिरून बसतं. बसतं तेही इतकं घट्ट, की एन्झाइमला ते सोडवणं जवळजवळ अशक्य होतं. दोन्ही गोळ्या पिवळ्या का असतात याचंही कारण ते सामाईक कडंच. या पिवळेपणाकडे मी खाली परत येणार आहे, कारण त्यातून खरोखरचे अपघात होतात.

आता तुमच्या रिपोर्टमधलं एमटीएचएफआर. हे वेगळं एन्झाइम आहे, डीएचएफआर नव्हे. नावं सारखी वाटतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. एमटीएचएफआर फोलेटचा काही भाग ‘टी’ बनवण्याच्या वाटेवरून काढून दुसऱ्या वाटेला लावतं, जिथे बी-१२ च्या मदतीनं होमोसिस्टीन या अमिनो आम्लाचं मिथिओनिन हे दुसरं अमिनो आम्ल होतं. ६७७ या जागचा बदल १९९५ मध्ये ओळखला गेला. या जनुकाच्या आपल्यात दोन प्रती असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. दोन्ही प्रतींत बदल असेल तर एन्झाइमची क्षमता साधारण ३० टक्क्यांवर येते, एकाच प्रतीत असेल तर ६५ टक्क्यांच्या आसपास राहते. तुमच्या मुलाचा बदल एका प्रतीत आहे. असे करोडो लोक आपल्या आजूबाजूला निरोगी आयुष्य जगताहेत. तुमच्या दोघांपैकी निदान एकात तो असणारच. लाल अक्षरं ही लॅबच्या सॉफ्टवेअरची सोय आहे, आजाराचं निदान नव्हे.

मुलाला ल्युकेमिया यामुळे झाला का? नाही. उलट काही जुन्या अभ्यासांत हा बदल असलेल्यांत एएलएलचं प्रमाण थोडं कमी आढळलं होतं. त्याचं स्पष्टीकरणही पटण्यासारखं होतं: एमटीएचएफआर मंद असलं की ‘टी’ बनवायला फोलेट जास्त शिल्लक राहतं आणि डीएनएच्या प्रतीत चुका कमी होतात. पुढच्या अभ्यासांत हे प्रत्येक वेळी तसंच दिसलं नाही. त्यामुळे मी त्याचा आधार ना भीतीसाठी घेते, ना दिलाशासाठी. तुम्ही काही केलं किंवा करायचं राहिलं म्हणून हा आजार झालेला नाही, हे मात्र ठामपणे सांगते.

डोसचं म्हणाल तर मेथोट्रेक्सेट आणि एमटीएचएफआर यांवर ढीगभर अभ्यास झालेत. काहींत या बदलाबरोबर तोंड येणं, लिव्हरचे आकडे वाढणं जास्त दिसलं, काहींत काहीच दिसलं नाही. त्यामुळे एएलएलमध्ये हा रिपोर्ट बघून मेथोट्रेक्सेटचा डोस ठरवण्याची पद्धत नाही. मेंटेनन्समध्ये आम्ही डोस ठरवतो तो सीबीसीवरून. पांढऱ्या पेशी आणि त्यांतल्या जंतूंशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल ठरलेल्या पट्ट्यात राहिले पाहिजेत. फार वर गेले तर औषध कमी पडतंय, फार खाली आले तर जास्त होतंय. मुलाची सगळी जनुकं, त्याचं पोट, त्याचं लिव्हर, गोळ्या वेळेवर जातात की नाही, या सगळ्याचा एकत्रित परिणाम त्या आकड्यांत उतरलेला असतो.

एक जनुकीय चाचणी मात्र खरोखर उपयोगाची आहे आणि ती मेथोट्रेक्सेटसाठी नाही, रोजच्या मर्कॅप्टोप्युरिनसाठी आहे. टीपीएमटी आणि एनयूडीटी१५ ही ती दोन जनुकं. एनयूडीटी१५ मधला बदल युरोपीय वंशाच्या लोकांत विरळा, पण पूर्व आणि दक्षिण आशियात बऱ्यापैकी आढळतो. तो असलेल्या मुलाचे काउंट नेहमीच्या डोसवर कोसळू शकतात, आणि यासाठी डोस किती कमी करायचा याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना आहेत. मुलाचे काउंट वारंवार खाली येऊन औषध थांबवावं लागत असेल तर डॉक्टरांना या चाचणीबद्दल विचारा. एमटीएचएफआरवर जेवढे पैसे गेले त्यात ही झाली असती, याची मला मनापासून हळहळ वाटते.

आता मुख्य मुद्दा, ॲक्टिव्ह फोलेटचा. त्यासाठी थोडं मागे, आणि परळपर्यंत, जाऊ या. १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि परळच्या हाफकिन संस्थेतून तिनं गरोदर बायकांच्या, विशेषतः गिरणी कामगार वस्तीतल्या बायकांच्या, जीवघेण्या ॲनिमियाचा शोध घेतला. यीस्टच्या स्वस्त अर्कानं, मार्माइटनं, त्या बायका बऱ्या होतात हे तिनं १९३१ मध्ये प्रसिद्ध केलं. त्या अर्कात जे काही होतं ते पुढे फोलेट म्हणून ओळखलं गेलं. या जीवनसत्त्वानं ॲनिमियात अस्थिमज्जा जोमानं कामाला लागते हे कळल्यावर ल्युकेमियातही ते देऊन पाहावं असं वाटणं साहजिक होतं. बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमियाच्या मुलांना फॉलिक ॲसिडची संयुगं दिली. अस्थिमज्जेत ल्युकेमियाच्या पेशी कमी व्हायच्याऐवजी आणखी वेगानं वाढल्यासारख्या दिसल्या. फार्बर यांनी त्यावरून उलटा विचार केला: फोलेटनं आजार फोफावत असेल तर फोलेट अडवून पाहावं. फोलेटच्या विरोधातलं औषध त्यांना मिळालं ते लेडर्ले कंपनीतल्या एका भारतीयाच्या चमूकडून. ते डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमवरमचे. त्या अमिनोप्टेरिननं १६ मुलांपैकी १० मुलांचा आजार काही काळ मागे हटला. हे १९४८ साली प्रसिद्ध झालं आणि सुब्बाराव त्याच वर्षी ऑगस्टमध्ये वारले. मेथोट्रेक्सेट हे अमिनोप्टेरिनचं सख्खं भावंड. तुमच्या मुलाच्या डब्यातली गोळी या घराण्यातली आहे.

आज आपण फार्बर यांच्या काळापेक्षा खूप जास्त जाणतो. पण ‘अशक्तपणा आहे, थोडं फॉलिक देऊ’ असं कुणी म्हटलं की मला ती पहिली मुलं आठवतात.

फॉलिक ॲसिड आणि ॲक्टिव्ह फोलेट यांत एक फरक आहे, तो जाहिरातीत उलट्या अर्थानं सांगतात. साधं फॉलिक ॲसिड कामाच्या रूपात यायला डीएचएफआरमधूनच जावं लागतं, आणि डीएचएफआर तर मेथोट्रेक्सेटनं अडवलंय. ॲक्टिव्ह फोलेट, म्हणजे मिथाइलफोलेट, आधीच तयार रूपात असतं. त्याला डीएचएफआरची गरज नाही. ते अडथळ्याच्या पलीकडे उतरतं. जाहिरातीत हा गुण म्हणून सांगतात. तुमच्या मुलाच्या बाबतीत तोच दोष आहे.

तुम्ही याचा सख्खा प्रकार आधी पाहिलाय. मुलाला मोठ्या डोसच्या मेथोट्रेक्सेटसाठी वॉर्डात ठेवलं होतं तेव्हाचं आठवा. २४ तासांचं पिवळं सलाइन, लघवीचा पीएच दर वेळी पट्टीवर बघायचा, तो ७ च्या खाली गेला की नर्सची धावपळ, मग घड्याळ लावून इंजेक्शन. ते इंजेक्शन ल्युकोव्होरिनचं. ल्युकोव्होरिनही तयार रूपातलं फोलेट आहे, मेथोट्रेक्सेटवरचा उतारा. अनेक प्रोटोकॉलमध्ये ते औषध सुरू झाल्यापासून साधारण ४२ व्या तासाला सुरू करतात. लवकर दिलं तर ल्युकेमियाच्या पेशीही वाचतात, उशीर झाला तर मुलाचं तोंड, आतडी आणि किडनी भरडली जातात. त्या तासांसाठी आम्ही रात्री-अपरात्री रक्तातली मेथोट्रेक्सेटची पातळी बघतो, त्यावरून पुढचे डोस ठरवतो. एवढ्या मोजूनमापून दिल्या जाणाऱ्या उताऱ्याचा भाऊ घरी रोज सकाळी दुधाबरोबर द्यायचा, तोही कुणाला न सांगता, म्हणजे काय हे आता तुमच्या लक्षात येईल. मेंटेनन्सचा डोस छोटा असतो, त्यामुळे उताऱ्याची एरवी गरजही नसते, आणि रोजच्या जादा फोलेटनं त्या छोट्या डोसचा परिणाम बोथट होण्याची भीती जास्त.

इथे कुणीतरी हमखास म्हणेल, ‘आमच्या आजीला संधिवातासाठी हीच गोळी आहे आणि तिला डॉक्टरांनीच फॉलिक ॲसिड दिलंय.’ बरोबर आहे. संधिवातात हेतू पेशी मारण्याचा नसून सूज आटोक्यात ठेवण्याचा असतो आणि तिथे फॉलिक ॲसिडनं त्रास कमी होतो, फायदा जवळपास तसाच राहतो. फुफ्फुसाच्या कर्करोगात पेमेट्रेक्सेड देतात, तेही फोलेटविरोधीच, आणि त्याच्याबरोबर तर फॉलिक ॲसिड आणि बी-१२ द्यावंच लागतं, नाहीतर काउंट धोकादायक उतरतात. म्हणजे फोलेट कर्करोगात कायमचं वर्ज्य आहे असं नाही. कुठला आजार, कुठलं औषध, कुठली वेळ यावर ते ठरतं, आणि ठरवणारी व्यक्ती मुलाचा अख्खा चार्ट बघणारी हवी.

एमसीव्ही वाढलाय याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की गोळ्या पोटात जाताहेत. मर्कॅप्टोप्युरिन आणि मेथोट्रेक्सेट दोन्हींनी लाल पेशी आकारानं मोठ्या होतात. मेंटेनन्समधल्या मुलाचा एमसीव्ही वाढलेला नसेल तर उलट मला शंका येते, की घरात काही डोस राहून जाताहेत का. घराजवळचे डॉक्टर हा आकडा पाहून ‘फोलेटची कमतरता’ म्हणतात, त्यांचंही चूक नाही, एरवी तो अर्थ लागतोच. एक अपवाद सांगून ठेवते. घरात पूर्ण शाकाहार असेल, दूधही फारसं नसेल, तर बी-१२ ची कमतरता खरोखर असू शकते. ती तपासता येते, आणि बी-१२ दिल्यानं मेथोट्रेक्सेट बोथट होत नाही. पण बाजारात बी-१२ बरोबर फॉलिक ॲसिड घातलेल्या कॅप्सूल सर्रास मिळतात. तेव्हा पाकिटावरचा मजकूर वाचूनच घ्या, शक्यतो आमच्याकडून लिहून घ्या.

रेशनच्या तांदळाची काळजी सोडा. फोर्टिफाइड तांदळात किलोमागे ७५ ते १२५ मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. १०० ग्रॅम तांदूळ मुलानं दिवसभरात खाल्ला तर पोटात गेलं फार तर साडेबारा मायक्रोग्रॅम. दुकानात मिळणारी फॉलिक ॲसिडची एक गोळी ५ मिलिग्रॅमची, म्हणजे ५००० मायक्रोग्रॅमची असते. तेवढ्यासाठी कमीत कमी ४० किलो तांदूळ खावा लागेल. त्यातले वेगळे दिसणारे दाणे प्लास्टिकचे असतात ही अफवाही कानावर येते. ते दाणे तांदळाच्या पिठातच जीवनसत्त्वं मिसळून बनवलेले असतात, निवडून टाकू नका. पालक, मेथी, शेवग्याचा पाला, डाळी, हे सगळं चालतं. कर्करोगाला भुकेनं मारायचं म्हणून मुलाच्या पालेभाज्या बंद केल्याचं मी पाहिलंय. कृपा करून तसं करू नका. ल्युकेमियाच्या पेशी फोलेट ओढून घेण्यात मुलाच्या पेशींपेक्षा वरचढ असतात, उपाशी राहतं ते मूलच.

शाळेतली गोळी मात्र वेगळी. महापालिकेच्या आणि सरकारी शाळांत पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्याला गुलाबी गोळी देतात. तिच्यात ४५ मिलिग्रॅम लोह आणि ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. आठवड्यातून एकदा चुकून घेतली गेली तर घाबरायचं कारण नाही. पण मुलाला वारंवार रक्त चढवलेलं असतं, लोह आधीच साठलेलं असू शकतं, त्यामुळे ती गोळी त्याला नको. वर्गशिक्षिकेला चिठ्ठी देऊन ठेवा. हवी असेल तर आम्ही लेटरहेडवर लिहून देतो.

आता त्या पिवळ्या रंगाकडे. माझ्या दृष्टीनं तुमच्या घरातला खरा धोका जनुकात नाही, गोळ्यांच्या डब्यात आहे. मेंटेनन्समध्ये मेथोट्रेक्सेट शरीराच्या दर चौरस मीटरला साधारण २० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदाच. तुमच्या मुलाएवढ्या मुलाला ते १७.५ मिलिग्रॅमच्या आसपास येतं, म्हणजे २.५ च्या सात गोळ्या, एकाच वेळी. सात गोळ्या आणि सात दिवस. दुकानदारानं पुडीवर नुसतं ‘७ गोळ्या, १ आठवडा’ लिहिलं की घरातलं नवीन माणूस ती रोज एक अशी वाटून टाकतं. एकूण मिलिग्रॅम तेवढेच, पण परिणाम अगदी वेगळा. रोज थोडं थोडं मेथोट्रेक्सेट मिळालं की मज्जा आणि आतडी यांना सावरायला मधले सहा दिवस मिळतच नाहीत. जगभरात या एका गैरसमजानं माणसं दगावली आहेत, बरीचशी संधिवाताची. शिवाय मेथोट्रेक्सेट पिवळी, फॉलिक ॲसिड पिवळी, मर्कॅप्टोप्युरिनही फिकट पिवळी. डब्यात सुट्या टाकल्या तर संध्याकाळच्या दिव्यात मलाही पटकन सांगता येणार नाही कुठली कोणती.

घणसोलीची एक आजी नातवाच्या गोळ्या सांभाळते. तिची पद्धत मी आता सगळ्यांना सांगते. तिनं गुरुवार ठरवलाय. भिंतीवरच्या कालनिर्णयात प्रत्येक गुरुवारच्या चौकोनात ती आधीच पेन्सिलनं ‘७’ लिहून ठेवते. सातही गोळ्या स्ट्रिपमधून वाटीत काढते, मुलाच्या आईकडून मोजून घेते, गोळ्या पोटात गेल्यावर त्या ‘७’ वर पेनानं काट मारते. उरलेली स्ट्रिप डब्यात जात नाही, कपाटातल्या वेगळ्या पिशवीत जाते. ओपीडीला येताना ती कॅलेंडरचं पानच घेऊन येते. त्या पानावरून मला जेवढं कळतं तेवढं एमटीएचएफआरच्या रिपोर्टवरून कळत नाही. तुम्हीही वार ठरवा, आणि तो वार पुडीवर ठसठशीत लिहून घ्या. उलटी झाली, डोस विसरला, तर मनानं पुन्हा देऊ नका, फोन करा. गोळी चुरडायची वेळ आली तर हातमोजे घाला, आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिनं या गोळ्या हाताळूच नयेत.

डीएचएफआरचा आणखी एक धागा तुमच्या डब्यात आहे. शनिवार-रविवारी, किंवा तुम्हाला जे दिवस दिले असतील त्या दिवशी, मुलाला कोट्रायमोक्साझोल हे जंतुनाशक मिळतं, फुफ्फुसाच्या एका विशिष्ट संसर्गापासून वाचवण्यासाठी. त्यातलं ट्रायमेथोप्रिम हेही डीएचएफआरच अडवतं, पण जंतूंचं. जंतूंच्या आणि माणसाच्या डीएचएफआरच्या घडणीत पुरेसा फरक आहे, त्यामुळे ते जंतूंच्या एन्झाइमला आपल्यापेक्षा हजारो पट घट्ट धरतं. ते घडवलं गेलं जॉर्ज हिचिंग्ज आणि गर्ट्रूड एलियन यांच्या प्रयोगशाळेत, आणि तुमच्या मुलाचं रोजचं मर्कॅप्टोप्युरिनही तिथलंच. १९८८ चं नोबेल त्यांना मिळालं. ठरलेल्या दिवसांचा कोट्रायमोक्साझोल चालतो. पण लघवीच्या जळजळीसाठी किंवा जुलाबासाठी घराजवळच्या डॉक्टरांनी त्याचा रोजचा कोर्स सुरू केला तर मेथोट्रेक्सेटबरोबर काउंट झटकन उतरू शकतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी मेथोट्रेक्सेट किडनीतून बाहेर पडायला वेळ लागतो. पावसाळ्यात ताप आला की कळवा-ठाण्यापासून पनवेलपर्यंत कुठल्याही दवाखान्यात यातलं काही ना काही पटकन लिहून मिळतं. फाइल बरोबर ठेवा आणि ‘मेथोट्रेक्सेट चालू आहे’ हे सगळ्यात आधी सांगा. ताप १०० च्या वर असेल तर थेट आमच्याकडे या.

संशोधनाचा प्रश्न तुम्ही शेवटी विचारलाय, पण मला तो सर्वांत आवडला. १९५६ च्या सुमारास मेथोट्रेक्सेटनं कोरिओकार्सिनोमा हा गर्भाशयातला कर्करोग निव्वळ औषधानं पूर्ण बरा झाला, आणि तेव्हापासून हे एन्झाइम कर्करोगाच्या अभ्यासाची शाळाच बनलं. काही पेशी औषधाला दाद देईनाशा होतात, त्या कशा? १९७८ मध्ये उंदराच्या पेशींवर याचं एक उत्तर मिळालं: त्या पेशींनी डीएचएफआरच्या जनुकाच्या प्रतीच अनेक पटींनी वाढवल्या होत्या. औषध जेवढं येईल त्याहून जास्त एन्झाइम तयार. कर्करोगाची पेशी आपल्या जनुकांची संख्या अशी वाढवू शकते ही त्या काळी मोठी गोष्ट होती. आज हीच युक्ती कारखान्यात वापरतात. डीएचएफआर काढून घेतलेल्या हॅम्स्टरच्या (उंदरासारख्या एका प्राण्याच्या) पेशींत हव्या त्या प्रथिनाचं जनुक डीएचएफआरसोबत घालायचं आणि मेथोट्रेक्सेटच्या दबावाखाली त्याच्या प्रती वाढवायच्या. अनेक अँटिबॉडी औषधं अशीच बनतात.

दुसरं उत्तर एफपीजीएस या एन्झाइमचं. मेथोट्रेक्सेट पेशीत शिरल्यावर हे एन्झाइम त्याला ग्लुटामेटची शेपटी जोडत जातं. लांब शेपटीचं मेथोट्रेक्सेट बाहेर निसटू शकत नाही. बी आणि टी या पांढऱ्या पेशींच्या दोन जाती (हा ‘टी’ डीएनएतला नव्हे). बी प्रकारच्या ल्युकेमियात शेपटी लांब होते, टी प्रकारात आखूड राहते, म्हणून टी प्रकाराच्या मुलांना बऱ्याच प्रोटोकॉलमध्ये मेथोट्रेक्सेट मोठ्या डोसनं द्यावं लागतं. फोलेट आत घेणारा मुख्य वाहक २१ व्या गुणसूत्रावर आहे. ज्या ल्युकेमियात २१ च्या जादा प्रती असतात तो मेथोट्रेक्सेटला छान दाद देतो, आणि डाउन सिंड्रोमच्या मुलांना, ज्यांच्यात २१ ची एक प्रत जन्मतःच जादा असते, त्याच औषधाचा त्रासही जास्त होतो. वॉर्डात वर्षानुवर्षं नुसत्या नजरेनं दिसणारे फरक असे एन्झाइमपाशी येऊन उलगडतात.

अलीकडचं लक्ष एमटीएचएफडी२ वर आहे. हे पेशीच्या मायटोकाँड्रियातलं, म्हणजे ऊर्जाघरातलं, फोलेटचं एन्झाइम. गर्भात ते भरपूर असतं, मोठ्या माणसाच्या बहुतेक ऊतींत जवळजवळ बंद असतं, आणि कर्करोगात पुन्हा चालू होतं. २०१४ च्या एका मोठ्या विश्लेषणात १९ प्रकारच्या कर्करोगांत सातत्यानं वाढलेल्या जनुकांत ते अगदी वरच्या रांगेत होतं. मेथोट्रेक्सेटची अडचण ही, की डीएचएफआर निरोगी पेशींनाही लागतं. एमटीएचएफडी२ अडवता आलं तर तोंड येण्याची, काउंट पडण्याची किंमत कमी मोजावी लागेल, या आशेनं त्यावर औषधं घडवली जाताहेत. मला वैयक्तिक जास्त भुरळ घातली ती २०१८ च्या एका शोधानं. हिस्टिडीन या अमिनो आम्लाचं विघटन होताना पेशीतलं फोलेट खर्ची पडतं. उंदरांना मेथोट्रेक्सेटबरोबर हिस्टिडीन जास्त दिल्यावर ल्युकेमियावरचा परिणाम वाढला. म्हणजे कदाचित तेच काम कमी मेथोट्रेक्सेटमध्ये होईल. पण हे उंदरांतलं आहे. हिस्टिडीनची पावडर ऑनलाइन मिळते हे मला माहीत आहे, आणि ती मागवू नका हेही इथेच सांगून ठेवते.

राहता राहिला तुमच्या पत्नीचा प्रश्न, तो तुम्ही विचारलेला नाही, पण घरात हा रिपोर्ट आल्यावर बहुतेक जण विचारतात. दुसऱ्या बाळाचा विचार असेल तर तिनं गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक ॲसिड घ्यायचंच, रोज निदान ४०० मायक्रोग्रॅम. बाळाच्या मणक्याची नळी पहिल्या चार आठवड्यांतच बंद व्हायची असते. मुलाची गोळी आणि आईची गोळी वेगळ्या कप्प्यांत ठेवा. एमटीएचएफआरचा रिपोर्ट पुढच्या ओपीडीला घेऊन या, फाइलला लावू. पण त्याच्याबरोबर गेल्या तीन महिन्यांचे सीबीसी आणि कॅलेंडरची पानं आणायला विसरू नका, डोस त्यावरून बघायचा आहे.